आठ इंची आरसा आणि लातूरचा नळ

नांदेड, गुरुवार

"चिपळूणहून नांदेडला? काय काम काढलंत?" गाडीत समोरच्या काकांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "पोकळी बघायला." काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते नांदेड येईपर्यंत.

त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या घरच्यांनीही तोंडं फिरवली होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. बाकीच्या मैत्रिणी निवृत्तीनंतर केरळला जातात, काशीला जातात. मला मात्र हवा काढून टाकणारे पंप बघायचं वेड आहे. साधे नव्हेत हां. एखाद्या भांड्यातून जवळजवळ सगळी हवा काढतात ते, उच्च निर्वाताचे. अशा पंपांपुढे उभी राहिले की मला लहानपणी जत्रेत पाळण्यात बसल्यावर व्हायचं तसं होतं.

या खेपेला मात्र वेडाला एक निमित्तही होतं. आकाशदर्शनाच्या एका ग्रुपवर कंधारच्या बालाजी सरांचा निरोप आला होता. हे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी दुर्बिणीसाठी आठ इंची काच दोन वर्षं हाताने घासून तिला बरोबर बशीसारखी खोलगट केली होती. काच तयार होती, पण काचच होती. तिचा आरसा व्हायचा तर तिच्यावर ॲल्युमिनियमचा केसाहून कितीतरी पातळ थर बसायला हवा, आणि तो बसतो फक्त निर्वातात. तापलेल्या तारेवरून ॲल्युमिनियमचे कण उडतात आणि सरळ काचेवर जाऊन चिकटतात. वाटेत हवा असली तर ते तिच्यावर आपटत, भरकटत जातात आणि काचेवर राखाडी काजळी बसते.

"कुणी करून देईल का?" असं सरांनी विचारलं होतं. माझी एक विद्यार्थिनी, श्रुती, नांदेडला एका प्रयोगशाळेत काम करते हे मला आठवलं आणि मी तिकीट काढलं.

श्रुती स्टेशनवर आली होती. कढत चहा पाजून तिने मला थेट तिच्या पंपापुढे नेऊन उभं केलं. इतकुसा! आमच्या डाळीच्या डब्याएवढा! हा टर्बो पंप. आत पंख्यांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्या मिनिटाला हजारो फेरे अशा वेगाने फिरतात. हवेचा कण चुकून पात्यापाशी आला की पातं त्याला असा टोला देतं की तो खालच्या चकतीवर, तिथून आणखी खालच्या, आणि शेवटी बाहेर. तेल नाही, धूर नाही. बटण दाबलं आणि पाच-दहा मिनिटांत शिटीसारखा बारीक आवाज करत पंप वेगात आला. मी टाळ्या वाजवल्या. आसपासची पोरं बघायला लागली. श्रुती म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजिबात बदलला नाहीत."

"मग उद्या सरांची काच आणू?" मी विचारलं.

श्रुतीचा चेहरा पडला. तिच्या यंत्राची पेटी जेमतेम तळहाताएवढी. त्यात दोन इंची नमुने बसतात, आठ इंची काच कुठून बसणार? शिवाय टर्बो नाजूक. फिरत्या पात्यांत काचेचा एक कण पडला तरी सगळ्या चकत्यांचा चुरा. बाहेरची वस्तू आत घालायची नाही असा तिथे नियमच आहे, आणि तो बरोबरच आहे.

"पण मॅडम, लातूरला एका कॉलेजात जुनं युनिट आहे," श्रुती म्हणाली. "मोठी काचेची हंडी, खाली डिफ्यूजन पंप. मी एमएस्सीला त्यावर काम केलंय. फक्त..." आणि तिने फोन लावला. पलीकडून खाजाभाई बोलले. हे तिथले प्रयोगशाळा सहायक.

"मशीन चालू हाय मॅडम. पण सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. तिथं कंप्युटर लॅब होणार हाय. रविवारी कुलूप. काय करायचं ते शनिवारी करा."

म्हणजे दोन वर्षांच्या कामाला एक शनिवार. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, कारण डिफ्यूजन पंप हा माझा सगळ्यात लाडका पंप आहे.

कंधार, शुक्रवार

कंधारची बस लोह्यावरून गेली. दोन्ही बाजूंना एप्रिलची काळी, उघडी, भेगाळलेली रानं. आमच्याकडे डोळे उघडले की डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. मला पहिला तासभर अंगावर पांघरूण नसल्यासारखं वाटलं, मग मजा वाटायला लागली.

बालाजी सर स्टँडवर उभे होते. उंच, किरकोळ, आणि इतके संकोची की माझी पिशवी घ्यावी की न घ्यावी यात त्यांची दोन मिनिटं गेली. घरी कौसल्यावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दारातच तांब्या पुढे केला. मी आमच्या सवयीने चूळ भरली, पायांवर पाणी घेतलं, उरलेलं अंगणात भिरकावलं. वहिनींनी त्या ओल्या मातीकडे जे बघितलं ते माझ्या लक्षात राहिलं.

"हिचं माहेर लातूर," सर हळूच म्हणाले. "तिथं नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. हिच्या लहानपणापासून तेच. हिला पाणी सांडलेलं बघवत न्हाई."

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, भाकरी आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून काच काढली. साडीच्या चार घड्यांत गुंडाळलेली. सरांनी नव्हे, त्यांनी काढली हे मला आवडलं. काच घासायची पद्धत अशी: पिंपावर खालची काच बसवायची, मध्ये करकरीत पावडर आणि पाण्याचे थेंब, वर दुसरी काच. ती पुढेमागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं, म्हणजे सगळीकडून सारखी झीज होते.

"सर शाळेत गेले की मी फिरायची," वहिनी म्हणाल्या. "लग्नात सात फेरे घातले, ते काहीच न्हाईत. या पिंपाचे मोजले तर लाखभर भरतील. शेजारीण विचारायची, कसला नवस हाय?"

"आणि आरसा झाल्यावर पहिल्यांदा काय बघणार?" मी सरांना विचारलं.

"शनी," सर ताबडतोब म्हणाले. "ठरलंय ते. त्याच्या आधी आरशात कुणी बघायचं न्हाई. हिनं पण न्हाई."

वहिनींनी डोळे मिचकावले. "म्हणजे मी लाख फेरे घालायचे, आन तोंड बघायचं शनीनं."

दुपारी कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी सावलीत बसून मी त्यांना पंपांची गोष्ट सांगितली. वहिनी मला आतापर्यंत मिळालेल्या सर्वांत उत्तम विद्यार्थिनी निघाल्या. मी म्हणाले, पहिल्यांदा रोटरी पंप लावतात. तो हवेचा घास घेतो, दाबतो, बाहेर टाकतो. पण हवा विरळ झाली की त्याच्या घासात काही येतच नाही.

"हौदाच्या तळाला तांब्या बसंना, तसं," वहिनी म्हणाल्या.

अगदी तसं! मी उडालेच. मग म्हटलं, तिथून पुढे दुसरा पंप लागतो. त्याला हवा ओढता येत नाही. ओढायला हवा उरलेलीच नसते. इकडून तिकडे उधळणारे सुटे कण असतात. ते आपण होऊन पंपाच्या तोंडात येईपर्यंत थांबायचं, आणि एखादा आला की त्याला परत जाऊ द्यायचं नाही. हे करायच्या नाना तऱ्हा. टर्बो पात्याने टोलवतो. क्रायो नावाचा पंप आतून इतका गारठलेला असतो की हवा त्याला चिकटून गोठूनच बसते. लई स्वच्छ काम, पण भरला की थांबवून, गरम करून रिकामा करावा लागतो.

"फडक्यानं टिपल्यासारखं. फडकं पिळावं लागतंय की मधी मधी."

सर बायकोकडे बघतच राहिले.

"आणि डिफ्यूजन पंप," मी लाडात येऊन म्हणाले, "त्यात हलणारं काहीच नसतं. खाली तेल उकळतं. वाफ नळीतून वर चढते आणि छत्रीसारख्या टोप्यांखालून जोरात खाली फेकली जाते. हवेचा कण वरून आला की वाफेच्या माऱ्यात सापडून खाली ढकलला जातो, आणि खाली रोटरी त्याला बाहेर काढतो. वाफ थंड भिंतीला लागते, तिचं परत तेल होतं, तेल परत खाली. चाळीस वर्षं बिघडत नाही! फक्त तापायला अर्धा तास लागतो, आणि भिंत थंड हवी. भिंत तापली तर वाफ खाली न जाता वर काचेकडे जाते, मग सगळं संपलं."

भिंत थंड कशाने ठेवतात, ते मी सांगितलंच नाही. समोरच्या पाण्यात एक बगळा उतरला होता, मी त्याच्याबद्दल बोलायला लागले. पुढे जे झालं त्यातली माझी चूक ही.

लातूर, शनिवार

पहाटेच्या बसने निघालो. काच वहिनींच्या मांडीवर. खड्डा आला की त्या काचेसकट अर्धी वीत वर उचलल्या जायच्या आणि अलगद खाली यायच्या. अहमदपूरला सर खाली उतरून गरम सुशीला घेऊन आले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, वर शेंगदाण्याचा कूट. मी तीन वाट्या खाल्ल्या.

खाजाभाई कॉलेजच्या फाटकात वाटच बघत होते. पांढरी दाढी, खिशाला चार पेनं, हातात तेलकट फडकं. मशीन बघून मला भरून आलं. हिरवा रंग उडालेला, वर फूटभर रुंद काचेची हंडी, खाली जाडजूड डिफ्यूजन पंप, त्याच्याभोवती तांब्याच्या नळीची वेटोळी.

"बत्तीस वर्षं झाली," खाजाभाई म्हणाले. "मी हिला सांभाळून राहिलो का ही मला, काही कळंना. सोमवारी मी रजा टाकली हाय. नेताना बघवणार न्हाई." आणि एकदम हसून, "नशीब बघा मॅडम, आज नळाचा दिवस हाय! दोनपर्यंत पाणी फुल्ल!"

व्हरांड्यातल्या नळाला रबरी पाईप जोडला. पाणी तांब्याच्या वेटोळ्यातून फिरून दुसऱ्या पाईपने बाहेर नालीत पडायला लागलं. सरांनी काच साबणाने, मग स्पिरिटने पुसली. तिच्यावर हलकेच श्वास सोडला. वाफ सगळीकडे सारखी बसली म्हणजे काच स्वच्छ. काच हंडीत वर टांगली, तोंड खाली. तिच्याखाली टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमच्या इवल्या कड्या अडकवल्या. हंडी बसली, रोटरी घरघरायला लागला.

पुढचा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. आधी काचेवरचा उरलासुरला मळ उडवायला हंडीत थोडी हवा ठेवून वीज सोडली तेव्हा आतली सगळी हवा जांभळट गुलाबी उजळली. वहिनी "अगं बाई" म्हणून मागे सरकल्या. मग तेल तापलं. खाजाभाईंनी मधली झडप उघडली आणि आतला दाब दाखवणारा काटा खाली निघाला. मी ओरडून आकडे सांगत होते, सर घाम पुसत होते, खाजाभाई मला "आस्ते मॅडम, आस्ते" म्हणत होते. काटा हव्या त्या रेघेजवळ आला. खाजाभाईंनी तारेच्या बटणावर हात ठेवला.

तेवढ्यात काटा थांबला. मग उलटा वर निघाला.

"गळती?" सर म्हणाले. खाजाभाईंनी खाली वाकून पंपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. नालीतल्या पाईपातून थेंबही पडत नव्हता. त्यांनी झडप बंद केली, तेलाची शेगडी बंद केली. वर बघितलं तर काचेवर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे रंग तरळत होते. पंपाचं तेल वर चढून काचेवर बसलं होतं.

"नळ कुणी बंद केला?" खाजाभाईंनी विचारलं.

दारात वहिनी उभ्या होत्या, हात पदराला पुसत.

"मी," त्या म्हणाल्या. "बाहीर आले तर पाणी नालीत वाहून राहिलं होतं. चांगलं पिण्याचं पाणी. कुणी विसरलं वाटलं... हातच गेला. कळलं बी न्हाई."

लातुरात वाढलेल्या बाईचा हात वाहत्या नळाकडे जाणारच. मी दहा वेळा त्या पाईपावरून ये-जा केली होती आणि ते पाणी मला दिसलंही नव्हतं. आमच्याकडे पाणी वाहतच असतं. दोन दिवस मी सतत बडबडत होते, आणि ते पाणी कशासाठी आहे एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी चक्क रडायला लागले.

सर काचेकडे बघत होते. वहिनी सरांकडे. सर शेवटी म्हणाले, "काच धुता येती, कौसल्या. पुन्हा करू."

वहिनींनी नाक ओढलं आणि पहिलं काम काय केलं असेल? धावत जाऊन नळ सोडला आणि कोपऱ्यातलं निळं पिंप ओढत आणून बाहेरच्या पाईपाखाली लावलं. "पंप बी निवंल आन पाणी बी भरंल. नळ जायची येळ झाली."

पंप निवायला तास लागला. पिंप काठोकाठ भरलं आणि नळाने दोनदा खोकून मान टाकली. खाजाभाई घड्याळाकडे बघत म्हणाले, "गेला. टाकी तर केव्हाचीच खाली हाय. आता?"

सर स्पिरिटचा बोळा घेऊन काच पुसत होते. ते थांबले. मला श्रुतीचा तो डाळीचा डबा आठवला. नुसत्या वाऱ्यावर थंड होणारा, ना पाणी, ना पिंप. तो इथे असता तर!

"कूलर हाय की," वहिनी म्हणाल्या.

खिडकीत कॉलेजचा पत्र्याचा कूलर होता. त्याच्या पोटात एक बारकी मोटर असते, ती तळातलं पाणी उचलून गवताच्या जाळीवर सोडते, आणि ते पाणी परत तळात येतं. पुन्हा पुन्हा तेच पाणी. आम्ही तिघं विज्ञानवाले एकमेकांकडे बघायला लागलो. आपला पंपही तेलाचं तेच करतो ना!

मग काय धमाल उडाली! खाजाभाईंनी मोटर उचकटली. पिंपातलं पाणी बादल्यांत काढून पिंप व्हरांड्यातल्या टेबलावर चढवलं आणि पाणी परत ओतलं, कारण मोटर लहान, तिला चढण झेपणार नाही. मोटर पिंपात, पाईप पंपाला, पंपाचं पाणी परत पिंपात. मी फाटकाबाहेरच्या रसवंतीवर पळत गेले आणि बर्फाची अर्धी लादी मागितली. रसवंतीवाला म्हणाला, "रस किती गिलास?" मी म्हटलं, "रस नको, पंप तापलाय!" त्याने बर्फ पोत्यात गुंडाळून दिला, आणि बहुधा माझी कीव येऊन एक गिलास रसही दिला. तो मी तिथेच एका दमात संपवला.

वहिनी पिंपाशेजारी स्टूल टाकून बसल्या. एक हात मोटरच्या बटणापाशी, दुसरा परत येणाऱ्या पाण्याच्या धारेखाली. "आता हितून हलत न्हाई," त्या म्हणाल्या. "पाणी गरम लागलं की बर्फ टाकते. तुम्ही तुमचं बघा."

पुन्हा साबण, स्पिरिट, श्वास. पुन्हा गुलाबी उजेड. तेल तापलं, झडप उघडली. आता मी ओरडत नव्हते, आकडे मनातच मोजत होते. व्हरांड्यातून दर पाच मिनिटांनी वहिनींची हाक यायची, "गार हाय!" काटा रेघेवर आला. रेघेच्या खाली गेला. खाजाभाई म्हणाले, "बिस्मिल्ला," आणि बटण फिरवलं.

तार लाल झाली, पिवळी, पांढरी. ॲल्युमिनियमच्या कड्या वितळून तारेला चिकटल्या, आणि दोन-तीन सेकंदांत सबंध हंडी आतून चांदीची झाली. आतलं काही दिसेना. खाजाभाईंनी वीज बंद केली, मधली झडप लावली, शेगडी बंद केली, आणि हवा आत सोडली. सुस्कारा टाकल्यासारखा लांबलचक आवाज आला. हंडी उचलली.

सरांनी दोन्ही हातांनी आरसा उतरवला. मी बऱ्याच प्रयोगशाळा बघितल्यात, पण इतकं लख्ख काही बघितलं नव्हतं. मी खाजाभाईंना मिठीच मारणार होते, त्यांनी वेळीच मशीनवर हात ठेवला आणि डोळे मिटले. ते काहीतरी पुटपुटले. ते मशीनशी बोलत होते, म्हणून मी ऐकलं नाही.

"वहिनी, या! झालं!" मी हाक मारली.

"मी न्हाई हलत."

सरांनी आरसा छातीशी धरला, तोंड आतल्या बाजूला. शनीसाठी राखून ठेवलेला. ते तसेच व्हरांड्यात गेले. वहिनी पाण्याखाली हात धरून बसल्या होत्या, बोटं गारठून पांढरी पडलेली. सर त्यांच्यासमोर उभे राहिले, जरा घुटमळले, आणि त्यांनी आरसा फिरवून वहिनींच्या तोंडासमोर धरला.

"आधी तू बघ," ते म्हणाले.

खोलगट आरशात जवळचा चेहरा मोठा दिसतो. वहिनींचा चेहरा सबंध आठ इंच भरून आला. कुंकू रुपयाएवढं, डोळे हे एवढाले, काठोकाठ भरलेले. त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मोकळ्या हाताने कपाळावरची बट मागे सारली.

"दिसलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आता मोटर बंद करू का? का अजून लागतंय पाणी?"

मी आत जाऊन पंपाला हात लावला. अजून कोमट होता.

"दहा मिनिटं, वहिनी."

"बसते मग," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुन्हा धारेखाली धरला. सर आरसा सांभाळत त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.